तख्ताचा चौथा पाय

दर एक जानेवारीला सकाळी हैदराबादच्या चिक्कडपल्लीतलं आमच्या शेजारचं घर अंगणात यायचं. आधी पितळी डबे, मग गाद्या, ट्रंका, कायद्याची पुस्तकं आणि सगळ्यात शेवटी खुर्चीसकट खुद्द वकीलसाहेब. पदर खोचून दारात उभ्या असत त्यांच्या पत्नी, सरूअक्का. अंगणातली वस्तू परत आत जायची तर तिच्यासाठी एकाच प्रश्नाचं उत्तर द्यावं लागे: "हिला कोण वापरतं?" कुणाचं नाव निघालं नाही की त्या वस्तूला उंबरा बंद. वकीलसाहेब दिवसभर अंगावरची शेरवानी सावरून बसत. कोर्टात मी बोलतो, इथं ती बोलते, असं ते माझ्या वडिलांना सांगत.

घरचा पाडवा सोडून इंग्रजी सालाला हा उद्योग कशाला, असं आईनं एकदा विचारलं होतं. अक्का म्हणाल्या, "पाडवा श्रीखंडाला, वहिनी. उपसाउपशीला थंडीच बरी. आणि पुढं संक्रांत आहे की, काढलेलं द्यायला."

त्याच आठवड्यात त्या घरपट्टी भरायला बल्दियात, म्हणजे नगरपालिकेच्या कचेरीत जात. वकीलसाहेबांचा कारकून रोज त्याच रस्त्यानं जायचा, पण हे काम त्याच्याकडे नसे. रांगेत स्वतः उभ्या राहायच्या आणि पावती आणून देवाच्या फळीवर ठेवायच्या. निजामाचं राज्य होतं तेव्हाही त्यांचा हाच क्रम होता, ते गेलं तेव्हाही. "राज्य बदललं म्हणून छप्पर बदलत नाही. घराला आपलं म्हणायचं तर आधी पट्टी भरावी, मग बोलावं." आमचं घर भाड्याचं होतं. त्यामुळे आम्हाला हे ऐकून घेण्यापलीकडे काही करावं लागत नसे.

बाकीच्या बायका संक्रांतीला वाण म्हणून नव्या फण्या आणि आरसे लुटत. अक्का घरातलं काढलेलं लुटत, पण त्याला कडक नियम होते. मोडकं दुरुस्त केल्याशिवाय द्यायचं नाही, मळकं धुतल्याशिवाय द्यायचं नाही, आणि घेणाऱ्याला आधी विचारायचं. विचारायला त्या भोगीच्याही आधी गल्लीभर हिंडत. "न विचारता दिलं तर ते दान नव्हे बाई, आपला कचरा दुसऱ्याच्या दारात." मला एकदा त्यांच्याकडून छत्री मिळाली. तिच्या दोन काड्या नव्या होत्या आणि मूठ त्यांनी स्वतः घासूनपुसून लखलखीत केली होती. मुलींमध्ये माझा भाव काही दिवस चांगलाच वधारला.

मग राज्यांची फेररचना झाली. मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि आमच्या गल्लीतल्या सरकारी नोकरांची पांगापांग सुरू झाली. माझ्या वडिलांना औरंगाबाद आलं. वकीलसाहेबांचा धंदा हैदराबादच्या कोर्टात, ते राहिले. जाणाऱ्या प्रत्येकाला एकच वाटत होतं, की हे काही दिवसांचं आहे. साहेबांचे हुकूम बदलतात, पुन्हा बदली होईल, आपण परत येऊ. म्हणून जो तो जड सामान अक्कांकडे ठेवून गेला. कुणाची धान्याची कोठी, कुणाचा शिसवी पाट, कुणाचा मोठा पितळी डबा. आमचं तख्त. आजोबा त्यावर बसून शिकवण्या घेत, आम्ही सगळी भावंडं त्यावरच रांगलो. चार माणसं बसतील एवढं रुंद, औरंगाबादच्या दोन खोल्यांत ते मावणारच नव्हतं. वडील म्हणाले, "अक्का, अमानत आहे, आम्ही येईपर्यंत सांभाळा." अक्कांनी होकाराची मान डोलावली. त्यांच्या पुढच्या दोन्ही खोल्या छतापर्यंत भरल्या.

पुढच्या एक जानेवारीला त्या खोल्यांची दारं उघडली आणि अक्कांची पंचाईत झाली. त्यांच्या प्रश्नाला प्रत्येक वस्तूचं उत्तर तयार होतं, पण ज्याचं नाव निघे तो माणूस कुठं परभणीला, कुठं औरंगाबादला. त्याच वेळी मागं राहिलेल्या मराठी मुलांच्या वर्गाची जागा जाणार होती. गुरुजी बदलून गेले, मालकानं घर मागितलं. अंबरपेठेतले दोनतीन किराणावाले, कारखान्यातले कामगार, शिंपी, यांची ती पोरं. नवी बाई शिकवायला तयार होती, पण बसायचं कुठं? अक्कांनी शब्द देऊन टाकला की जूनपासून वर्ग माझ्या पुढच्या खोल्यांत भरेल. वकीलसाहेबांनी सुचवलं की सगळ्यांना नोटीस पाठवू, मुदत संपली की सामान हलवायला आपण मोकळे. अक्का म्हणाल्या, "कायदा तुमच्यापाशी ठेवा. त्या बायकांना तोंड मला दाखवायचंय."

आणि उन्हाळ्यात त्या औरंगाबादला आमच्या दारात उभ्या राहिल्या. एकट्या, हातात एक पिशवी आणि काखेत धोतरात गुंडाळलेलं काहीतरी लांबट. पिशवीत डब्यांची झाकणं होती, कोठीची कडी होती, पाटाची पितळी फुली होती. प्रत्येकाच्या सामानाचा एकेक तुकडा घेऊन त्या घरोघर चालल्या होत्या. धोतर सोडलं तर आत आमच्या तख्ताचा पाय. काचीगुडा स्टेशनापासून तो मांडीवर घेऊन त्या आल्या होत्या. गाडीतल्या लोकांनी काय तर्क केले असतील देव जाणे.

पाय त्यांनी आमच्या खोलीच्या मधोमध उभा ठेवला. आईनं त्याच्याकडे पाहिलं आणि चहाला उठली. चहा झाला, पोहे झाले, गल्लीतल्या सगळ्यांची विचारपूस झाली. मग अक्कांनी वर्गाचं सांगितलं आणि म्हणाल्या की तख्त एकतर घेऊन जा, नाहीतर सोडा. मी पोचवायचा बंदोबस्त करते.

आई म्हणाली, "राहू द्या ना, अक्का. आम्ही येणारच आहोत परत."

"कधी?"

आई कपबशा गोळा करू लागली. वडील खिडकीबाहेर बघू लागले. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की आम्ही परत जाणार नाही, आणि हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

अक्का पुढं सरकून बसल्या. "तुम्ही येणार नाही, वहिनी. मी इकडं येणार नाही. दोघींनी एकदा तोंडानं म्हणून टाकू. परभणीला तिघींकडे हेच झालं. कुणी म्हणेना. वस्तू ठेवल्या म्हणून परत येणं होतं का? मी वस्तू सांभाळीन हो, जन्मभर सांभाळीन. पण मग पोरं उन्हात बसतील."

आई रडली. अक्काही रडल्या, पण जागच्या हलल्या नाहीत. डोळे पुसत तशाच बसून राहिल्या, उत्तर घेतल्याशिवाय ही बाई उठणार नाही हे स्पष्टच होतं. शेवटी आई म्हणाली, "नाही येत आम्ही. बसू द्या पोरांना." आणि मग लगेच, "हा पाय तेवढा ठेवते मी."

आम्हाला वाटलं अक्का हो म्हणतील. परभणीला एका बाईनं झाकण ठेवून घेतलं होतं आणि डबा दिला होता. अक्कांनी ते चालवून घेतलं, डब्याला नवं झाकण करता येतं म्हणून. पण इथं त्यांनी नकाराची मान हलवली. "तीन पायांचं तख्त मी कुणाला देत नाही, वहिनी. दिलं तर धडकं द्यायचं." आईनं पाय उचलला, पदरानं पुसला, पुन्हा धोतरात गुंडाळला आणि त्यांच्या काखेत दिला. त्या रात्री आईनं हैदराबादहून आणलेल्या आणि तोवर बंदच ठेवलेल्या दोन ट्रंका उघडल्या. औरंगाबादचं घर मला तेव्हापासून आमचं वाटायला लागलं.

बऱ्याच वर्षांनी अक्का वारल्या तेव्हा मी भेटायला चिक्कडपल्लीला गेले. वकीलसाहेब आधीच गेले होते. मूल नव्हतं. भाचे-पुतणे घर आवरायला जमले होते आणि आवरायला काही सापडत नव्हतं. चार लुगडी, एक खाट, थोडी भांडी. देवाच्या फळीवर त्या सालची पावती होती. शेवटच्या जानेवारीत रिक्षावाल्याच्या खांद्यावर हात ठेवून त्या रांगेत उभ्या राहिल्या होत्या, असं पुतण्या सांगत होता. अंगणात न आणता मागं ठेवलेली एकही वस्तू त्या घरात नव्हती.

पुढच्या खोलीत वर्ग चालू होता. अक्का अंथरुणाला खिळल्या तेव्हाच त्यांनी बजावून ठेवलं होतं की माझ्यासाठी सुट्टी द्यायची नाही. भिंतीला लागून आमचं तख्त होतं, चारही पायांवर, आणि त्यावर मुली दाटीवाटीनं बसून पाढे लिहीत होत्या. शिकवणाऱ्या बाईंना माझं नाव कळल्यावर त्या ओशाळल्यासारख्या झाल्या. म्हणाल्या, तख्त तुमच्या घरचं ना, आता अक्का नाहीत, न्यायचं असेल तर मुली सतरंजीवर बसतील. खरं सांगते, क्षणभर मला ते हवं होतं. माझं घर आता मोठं होतं, जागा होती.

कडेला बसलेल्या मुलीनं ते ऐकलं आणि पाटी छातीशी धरली. "मावशी, उठू का?"

मी म्हटलं, "नको गं. बस तू."