पांढऱ्या पिल्लाचे कान

आमी दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते कुत्रीच्या पिल्लांचे कान बघायचं. संध्याकाळची वेळ. मी अंगणात पोतं टाकून बसलो आणि एकेक पिल्लू समोर ठेवत गेलो. बायको अनवाणी, पाय न वाजवता पिल्लाच्या मागून यायची आणि हातातल्या बांगड्या हलकेच एकमेकींवर वाजवायची. पिल्लानं कान वळवला की म्हणायची, "ह्याचं ठीक हाय. दुसरं ठेवा."

आमच्या तांड्यावर ही कुत्री पहिल्यापासून. लांब पाय, बारीक कंबर, कारवानी जात. आमचे आजे-पणजे बैलांवर माल लादून मुलूखभर फिरायचे तेव्हा ही बैलांच्या मागं चालायची. बैलांचं फिरणं संपलं, शेती आली, कुत्री राहिली. कळमनुरीहून, हिंगोलीहून लोक पिल्लं मागायला यायचे. घरात आमी आमची बोली बोलायचो. इथं मराठीत लिहून राहिलो, म्हणून बायकोचं बोलणं जरा सभ्य वाटंल. तसं ते नव्हतं.

शहरातल्या माणसाला पांढरं पिल्लू पाहिजे असायचं. बदामी चांगलं, काळं चांगलं, पण त्याची नजर पांढऱ्यावरच. खोटं काहून बोलू, मलाही पांढऱ्याचं वेड होतं. आमच्या पांढऱ्या कुत्रीला शेजारच्या तांड्यावरचा पांढरा कुत्रा लावावा असं माझ्या लई मनात होतं. बायको म्हणाली, "तुमी कुत्रं बघून राहिले का धोतर? पांढऱ्याला पांढरं लावायचं न्हाई. बहिरी निघत्यात." तिनं बदामीच कुत्रा लावला. तिच्यापुढं माझं कधी चाललं न्हाई.

कान बघायची तांड्याची जुनी रीत म्हणजे सगळी पिल्लं एका जागी ठेवून थाळी बडवायची. सगळी दचकली की सगळी चांगली. त्या रीतीनं पास झालेलं एक पांढरं पिल्लू आमी एका मेंढपाळाला दिलं होतं. तो काही दिवसांत परत घेऊन आला. म्हणाला, "मामा, ह्याला हाका मारून माझा घसा बसला." बायको त्या पिल्लाजवळ दुपारभर बसली आणि तिनंच ते हुडकून काढलं. बहिरं पिल्लू भावंडं उठली की त्यांचं बघून उठतं. आणि थाळी जमिनीवर ठेवून बडवली की हादरा त्याच्या पोटाला लागतो. "त्याला कानानं न्हाई, पोटानं कळतं," ती म्हणाली. तेव्हापासून आमच्या घरी थाळी बंद. पिल्लू एकटं, पोत्यावर, मागून, आणि बांगड्यांचा बारीक आवाज. जरा मोठी झाली की ती त्यांना पळवायची आणि बरगडीला कान लावून छाती ऐकायची. रंग सगळ्यात शेवटी.

तर त्या संध्याकाळी शेवटी पांढरं पिल्लू राहिलं. नाक गुलाबी, अंगावर एक डाग न्हाई. तिनं मागून बांगड्या वाजवल्या. पिल्लू पोत्याचा धागा चावून राहिलं. तिनं जवळ येऊन वाजवल्या. धागाच चावून राहिलं.

"बहिरं हाय," ती म्हणाली.

"सकाळी तो हिंगोलीचा माणूस ह्याच्यासाठीच येणार हाय," मी म्हणालो. "त्याला पांढरंच पायजे."

"त्याचं घर मोठ्या रस्त्याला हाय. ट्रकचा भोंगा ह्याला कोण सांगंल? तुमी?"

"शब्द दिलाय मी."

"शब्द पिल्लाचा दिलाय, मरणाचा न्हाई. त्याला बदामी द्या. हे आपल्यात राहील. पाय आपटला की येतं, बघा." तिनं टाच आपटली. पिल्लानं धागा सोडला, मान वर केली आणि लुटुलुटू तिच्याकडं गेलं. ती हसली. "तुमच्यापेक्षा बरं हाय. तुमाला दोन्ही कान असून येत न्हाई."

मी म्हणालो, "सकाळी बघू." आमी भाकरी खाल्ली, झोपलो.

सकाळी ती चुलीजवळ बसलेली होती. भिंतीला टेकून. चहाचं आधण उकळून राहिलं होतं आणि ती नव्हती.

बायका जमल्या, माणसं जमली. तिला आंघोळ घातली, नवं लुगडं नेसवलं. नवऱ्याच्या आधी गेली म्हणून बांगड्या हातातच ठेवल्या. तेवढ्यात हिंगोलीचा माणूस फटफटीवर आला. गर्दी बघून त्यानं गाडी लांबच लावली आणि परत फिरायला लागला. मी त्याला हाक मारली.

"पांढरं बहिरं हाय," मी म्हणालो. "ते भेटणार न्हाई. बदामी न्या, न्हाईतर काही नेऊ नका."

"मामा, आज काहून हे? मी पुन्हा येतो ना."

"पुन्हा न्हाई. तिला सकाळी बघू म्हणालो होतो."

तो चपला काढून माणसांत येऊन उभा राहिला.

तिला उचललं तेव्हा हात हलला आणि बांगड्या वाजल्या. पोत्यावरची कुत्री ताडकन उठली. तिच्या पोटाशी निजलेल्या पिल्लांनी कान वळवले, सगळ्यांनी. पांढरं तसंच निजलेलं.

तिरडीला खांदा द्यायला हिंगोलीचा माणूसही पुढं झाला. मी खांदेकऱ्यांना म्हणालो, थांबा जरा. पोत्याजवळ गेलो आणि जमिनीवर टाच आपटली. पिल्लानं डोळे उघडले. मी त्याला उचलून उपरण्यात घेतलं आणि तिच्या मागं चालायला लागलो.