एप्रिलमधली बंद खिंड

१५ मार्च, रविवार. सकाळी आठ वाजता गच्चीवर कुरोड्या घालत होते. साचा माझ्या हातात, प्लास्टिकचा कागद ताणून धरायला समुद्रपूरहून आलेली मोठी जाऊ. गरम चीक साच्यात घट्ट होऊ नये म्हणून हात थांबवता येत नव्हता, आणि काझाला फोन तर आजच करायचा होता. म्हणून फोन जावेकडे दिला आणि स्पीकर लावायला सांगितला.

बेत तीन महिन्यांपासून चालू होता. मोटारसायकल रेल्वेच्या पार्सलनं चंदीगडला, तिथून शिमला, किन्नौर, काझा, मग तिथली उंच खिंड ओलांडून मनाली. एकटीनं. नवऱ्याची पाठ दुखते आणि त्याला मागे बसायची हौस नाही. त्यानं चांगलं हेल्मेट आणून दिलं आणि विषय संपवला. ऑफिसनं एप्रिलची रजा मंजूर केली होती. जूनमध्ये शेतात सरकी टोबायची, म्हणजे कपाशी पेरायची असते, तेव्हा मला हलता येत नाही. मग निंदण-फवारणी, दिवाळीपासून कापसाचा वेचा. म्हणजे एप्रिल, नाहीतर या वर्षी नाहीच.

काझाला ज्यांच्या घरी उतरायचं ठरवलं होतं, त्या बाईंनी फोन उचलला. मी तारखा सांगितल्या आणि खिंडीच्या वाटेवर पेट्रोल कुठे मिळेल ते विचारलं. त्या हसल्या.

"दीदी, हम तो अभी छत से बर्फ गिरा रहे हैं. वो रास्ता जून में खुलेगा."

"एप्रिलमंदी रस्त्यावर बर्फ?" जाऊ म्हणाली. "तितं सूर्य निंगत नाई काय वो?"

मीही तोच हिशेब केला होता. आमच्याकडे एप्रिलमध्ये डांबर पायाला चिकटतं. सामानाच्या यादीत मी उन्हाचा दुपट्टा आणि पाण्याच्या दोन कॅन लिहिल्या होत्या. रस्ते पाहिले, पंप पाहिले, खिंड उघडी कधी असते हे पाहायचं सुचलंच नाही. चूक माझी.

"मंग जूनमंदी जाजो."

"अन् सरकी कोन टोबन? तुमी?"

"मले काऊन वढतं त्याच्यात? माह्ये गुडघे पाह्य पहिले."

फोन चालूच होता. शिमल्याकडचा रस्ता कसा आहे, असं मी विचारलं. तो उघडा आहे, असं त्या म्हणाल्या, पण रस्त्यावरचं पाणी रात्री गोठतं. नऊच्या आधी निघायचं नाही आणि दिवसाला शंभर-सव्वाशे किलोमीटरच धरायचे. मी तीनशे धरले होते. आमच्या सपाट रस्त्यांवर ते जेवणाआधी होतात.

चीक संपेपर्यंत मी डोक्यात दिवस पुन्हा मांडले. खिंड गेली, मनाली गेली. ज्या रस्त्यानं जायचं त्याच रस्त्यानं परत यायचं. तेवढ्याच रजेत बसत होतं. काझाच्या चार रात्री मी तिथल्या तिथं पक्क्या केल्या.

"चढाई पे चलाई है ना, दीदी? सामान लाद के?"

मी हो म्हणणार, तेवढ्यात जाऊ फोनमध्ये बोलली, "काहे की चढाई जी! इसने बस रेल्वे का पूल चढा है."

"तो सीख के आना," पलीकडून उत्तर आलं. मी जावेकडे रागानं पाहिलं. ती कागदाच्या कोपऱ्यावर दगड ठेवत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला गाडीच्या दोन्ही बाजूंच्या पिशव्यांत आठ-आठ विटा भरल्या आणि जवळच्या पवनारला गेले. नदीकडे उतरणारा एक रस्ता आहे, बऱ्यापैकी उभा. खाली जायचं, चढाच्या मध्यात थांबायचं, मागच्या ब्रेकवर गाडी धरून क्लच हळू सोडत निघायचं. तीनदा गाडी बंद पडली. चौथ्यांदा मागे सरकून आडवी झाली. विटा काढल्या, हँडल वळवून सीटला कंबर लावली, पायांवर जोर देऊन गाडी उभी केली, विटा पुन्हा भरल्या. आठपर्यंत आणखी अकरा वेळा तो चढ चढले आणि तशीच ऑफिसला गेले.