बकासुराची मांडी

माझे धाकटे दीर एकनाथराव उभा जन्म बसमधली तिकिटं तपासत होते. कंडक्टर नव्हे, चेकिंग इन्स्पेक्टर. वाटेत कुठेही बस थांबवायची, आत चढायचं आणि बिनतिकिटाला धरायचं. त्यांची पद्धत अशी की तिकीट आधी मागायचंच नाही. "कुठे बसलात?" एवढं विचारायचं आणि तोंडाकडे न बघता हाताकडे बघायचं. ज्याच्याकडे तिकीट आहे त्याचा हात आपसूक खिशाकडे जातो, नसलेल्याचा गळ्याकडे, असं ते सांगत. निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली, सवय गेली नाही. भाजीवाल्याचं माप, डॉक्टरांचं निदान, जावयाची नोकरी, सगळंच त्यांच्या लेखी संशयित. माझी जाऊ भामा म्हणते, "लग्नात अंतरपाट धरला तेव्हाही हे वाकून बघत होते, पोरगी तीच आहे ना म्हणून."

गौलीगुड्यात, बस स्टँडच्या मागच्या गल्लीत आमचं घर. खाली एकनाथराव, भामा आणि त्यांचा मुलगा युवराज. वर मी आणि माझी नात शिल्पा. तिचे आईबाप नोकरीपायी विजयवाड्याला. ती इथे विद्यापीठात भूगर्भशास्त्र शिकते. मराठी बोलते बरी, वाचायला दिलं की जांभया देते. एकनाथरावांना घरात सगळे नाना म्हणतात, मी भावजी म्हणते. देव्हारा खालीच आहे, आणि देव्हाऱ्यात टाकांच्या शेजारी बकासुराची मांडी आहे.

हे नीट सांगायला हवं. आमचं मूळ गाव आसिफाबादकडे, प्राणहितेच्या काठी. सासऱ्यांच्या घराण्यात फार पूर्वी शेतात एक हाड निघालं, वरवंट्याहून जरा मोठं आणि दगडासारखं जड. भीमाने बकासुराला मारून फेकलं, त्याची ही मांडी असं सांगतात. तिला शेंदूर लावायचा, खंडेनवमीला दूधभाताचा नैवेद्य दाखवायचा. देव म्हणून नव्हे, राक्षस शांत राहावा म्हणून. मी कोठीच्या बायकांच्या कॉलेजातून बी.एस्सी. होऊन या घरात आले आणि पहिल्याच वर्षी राक्षसाला जेवायला वाढलं. तक्रार नाही. काही घरांत याहून वाईट माणसांना वाढावं लागतं.

यंदा नवरात्रात युवराजने ठरवलं की ही मांडी लोकांपुढे मांडायची. त्याचं आबिड्सला मोबाइलच्या सुट्या भागांचं दुकान आहे. उरलेल्या वेळात सृष्टी कशी झाली हे तो फोनवरून जगाला सांगत असतो. देवळाच्या हॉलमध्ये शाळेच्या मुलांसाठी प्रदर्शन भरवायचं, डार्विन खोटा आणि पुराण खरं, आणि मधोमध पुरावा म्हणून आमची मांडी. जेवताना त्याने हे जाहीर केलं.

"माकडापासून माणूस झाला, तर मग आजची माकडं काय करतायत?" भाकरी मोडत तो म्हणाला. "त्यांना काइकू थांबवलं?"

"काका, तुम्ही माझ्या बाबांपासून झालात का?" शिल्पाने विचारलं.

"काय हौल्यासारखं, येड्यासारखं बोलतेस."

"नाही ना? तुम्ही दोघं चुलतभाऊ, आजोबा एक. माकडाचं अन् आपलं तसंच आहे."

"म्हणजे माझे आजोबा माकड?"

"माझ्या स्वयंपाकघरात बसून सासऱ्यांना काही म्हणायचं नाही," भामा म्हणाली.

युवराजने दिशा बदलली. "आणि डार्विनने नवं काय सांगितलं? मासा, कासव, वराह, नरसिंह, वामन. आपले दशावतार चोरले त्याने."

मला राहवेना. "अरे, आमटी वाढली तेव्हा तो खोटा होता, भात येईपर्यंत चोर झाला. चोर म्हणतोस म्हणजे माल खरा होता हे तूच कबूल करतोस. एक काहीतरी ठरव."

"मोठ्याई, तुम्ही शिल्पाचीच बाजू घेणार."

"ते हाड डायनासोरचं आहे," शिल्पा म्हणाली. "आपल्या त्या भागात निघतात. सोळा कोटी वर्षांपूर्वीचं. तेव्हा भीम सोडा, माणूसच नव्हता."

"तू बघायला गेली होतीस?"

"तुम्ही भीमाला बघितलंत?"

मी तिलाही सोडलं नाही. "तपासलंस का?"

"नाही, पण..."

"मग सोळा कोटी कुठून आणलेस? न तपासता सांगितलास तर तुझाही आकडा पुराणातलाच."

या सगळ्यात एकनाथराव एक शब्द बोलले नाहीत. खाली मान घालून जेवत होते आणि अधूनमधून दोघांच्या हातांकडे बघत होते. मला ते खटकलं. स्वतःच्या देव्हाऱ्यातल्या वस्तूवर भांडण चाललंय आणि ज्याला मिठातही भेसळ दिसते तो माणूस गप्प, हे काही सरळ लक्षण नव्हे.

खंडेनवमीला भामाने मांडी ताम्हनात घेतली. तिची खालची बाजू शेंदराविना, उघडी असते. पाणी घालायच्या आत शिल्पा वाकली आणि तिने त्या उघड्या बाजूला चक्क जीभ लावली.

भामाच्या हातातली पळी खाली पडली. "उष्टं केलंस. अगं, नैवेद्याच्या आधी राक्षस उष्टा केलास."

"टेस्ट आहे, आजी. जुन्या हाडाला बारीक छिद्रं असतात, जिभेला चिकटतं. दगड चिकटत नाही. फील्डवर सगळे असंच बघतात."

युवराज ओरडायला लागला, विटंबना वगैरे. त्या गोंधळात एकनाथरावांनी हळूच विचारलं, "चिकटलं?"

"नाही," शिल्पा म्हणाली. मग घाईने म्हणाली, "पण नाना, इतक्या वर्षांचं तेल मुरलंय त्यात. छिद्रं बुजली असतील."

त्यांनी तिच्या हाताकडे पाहिलं. मग मांडी टॉवेलात गुंडाळली, स्वतःच्या कपाटात ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली बनियनच्या खिशात टाकली. राक्षस यंदा उपाशी राहिला.

त्यानंतर घरात प्रत्येकाला प्रत्येकाचा संशय. युवराजला वाटे, शिल्पाला मी फूस लावली. भामाला वाटे, युवराज कुलूप तोडणार. आणि मला संशय एकनाथरावांचा, कारण ते रोज दुपारी चहा न घेता कुठेतरी जायला लागले. विचारलं तर म्हणत, "पाय मोकळे करायला." गौलीगुड्याच्या त्या गर्दीत पाय अडकतात, मोकळे होत नाहीत. माझ्या मनात आलं, यांनी गिऱ्हाईक गाठलंय. जुन्या वस्तू घेणारे दलाल कमी नाहीत या गावात. राक्षस असो की डायनासोर, घराण्याची वस्तू परस्पर जाऊ द्यायची नाही असं मी ठरवलं आणि एका दुपारी त्यांच्या रिक्षामागे रिक्षा लावली.

ते उतरले नौबत पहाडाशी, आणि दम घेत संग्रहालयात शिरले. तिथे डायनासोरचा सांगाडा उभा आहे, आमच्याच भागात निघालेल्या हाडांचा. एकनाथराव त्याच्या मागच्या पायापाशी उभे राहून हवेत विती मोजत होते. पहारेकरी म्हणाला, "साब, हात नक्को लगाओ. रोज-रोज कित्ता बोलना?"

म्हणजे इथेच येत होते.

"वहिनी," मला पाहून ते म्हणाले, "माझ्या मागावर?"

"हो. विकताय का मांडी?"

"विकायला आधी ती काय आहे ते कळायला हवं."

आम्ही बाकावर बसलो. समोर तो लांब मानेचा प्राणी, आजूबाजूला शाळेची पोरं. ते सांगायला लागले, तिकीट तपासणारा अहवाल देतो तसं, कोरडं.

"मी लहान होतो, आठेक वर्षांचा. प्राणहितेला पूर आला. मांडी तेव्हा शेतातल्या ओट्यावर असायची. ओट्यासकट गेली. पाणी उतरल्यावर बाबा सकाळीच नदीत गेले आणि संध्याकाळी ती घेऊन आले. गावाने वाजतगाजत आणली. मी हात लावला तर बोटाला शेंदूर आला. ओला."

"नवा लावला असेल."

"आईही तेच म्हणाली. पण मी विचारायच्या आधीच म्हणाली."

पोरांची एक रांग पुढून जाईपर्यंत आम्ही पाय आत घेतले.

"युवराज म्हणतो राक्षस, शिल्पा म्हणते डायनासोर," ते म्हणाले. "मला दोन्ही चालतं, वहिनी. दोघांपैकी कुणीही जिंको. पण नदीतला धोंडा निघाला तर? बाबांनी गोटा उचलून शेंदूर फासला असेल तर? युवराजच्या हॉलमध्ये उघड पडेल, नाहीतर शिल्पाच्या कॉलेजात. बाप लबाड ठरला तर तो चारचौघांत ठरेल."

"म्हणून कुलूप?"

"म्हणून कुलूप. पण पोरीच्या जिभेला चिकटलं नाही, तेव्हापासून झोप नाही. तेलाचं म्हणाली ती. माझी समजूत घातली की खरं बोलली, तेही कळत नाही."

"मग तपासा."

"कापावं लागतं म्हणे."

"कापा. रोज इथे येऊन हवेत विती मोजून काय कळणार आहे?"

"तुम्हाला सोपं आहे. बाप माझा आहे."

"सासरे माझेही होते. मी त्यांना कधी देव मानलं नाही, म्हणून मला भीती नाही."

ते जरा हसले. फार दिवसांनी.

विद्यापीठात न्यायच्या दिवशी युवराज दारात आडवा उभा राहिला. "नाना, राक्षस कापणार?"

"भीमाने मारला तेव्हा मेला की तो. आता काय दुखणार त्याला? सर बाजूला."

"ते लोक बदलून दुसरंच देतील."

"म्हणून मी जातोय."

मांडी मांडीवर घेऊन ते रिक्षात बसले, शेजारी मी आणि शिल्पा. मागून युवराज आपल्या बंडीवर, आमच्यावर नजर ठेवून. स्कूटरला इथे बंडी म्हणतात, आणि तो ती बैलबंडीसारखीच चालवतो.

शिल्पाच्या मॅडम तेलुगू, आमच्याशी हिंदीत बोलल्या. त्यांनी एका कडेचा शेंदूर खरवडला. पापुद्र्याखाली पापुद्रा, वाटीभर निघाला. मग पाण्याची धार सोडून करवत फिरली. एकनाथराव यंत्राला इतके चिकटून उभे होते की मॅडमनी त्यांच्या डोळ्यांवर चष्मा चढवला. चकतीएवढा तुकडा सुटला. मॅडमनी उघडा पडलेला भाग ओला केला, भिंगातून पाहिला आणि भिंग आधी त्यांनाच दिलं. त्यांच्यानंतर मी पाहिलं. आत मधाच्या पोळ्यासारखी जाळी होती, नाजूक आणि दाट.

"हड्डी है," मॅडम म्हणाल्या. "पत्थर बन गई है, लेकिन हड्डी है."

"डायनासोर ना, मॅम?" शिल्पाने विचारलं.

"इतने टुकडे से कैसे बोलूँ? पतला काप बनाके देखेंगे, कहाँ निकली वो देखेंगे. जल्दी क्या है तुमको?"

युवराज लगेच पुढे झाला. "मतलब राक्षस भी हो सकता है."

"राक्षस की हड्डी हमारे पास एक भी नहीं है," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "मिलाऊँ किससे?"

मला त्या बाई आवडल्या. पण एकनाथरावांचं या दोघांकडे लक्षच नव्हतं. ते भिंग हातात धरून उभे होते आणि चेहरा उजळायच्या बेतात असताना त्यांनी एक प्रश्न विचारला. न विचारते तर ते एकनाथराव कसले.

"मॅडम, हमारे नदी में ऐसा और मिलता क्या?"

"बहोत. हर बाढ के बाद कुछ ना कुछ निकलता है."

भिंग त्यांनी खाली ठेवलं. मांडी हाडाची होती, पण तीच होती की पुरानंतर उचललेली दुसरी, हे जगातली कुठलीच करवत सांगणार नव्हती.

परतताना शिल्पा कॉलेजातच राहिली. रिक्षात आम्ही दोघंच. कोठीच्या गर्दीत रिक्षा अडकली तेव्हा ते बोलले.

"बदललीही असेल."

"असेल," मी म्हटलं. खोटा दिलासा मला जमत नाही.

"पण धोंडा नाही उचलला. सकाळचे गेलेले संध्याकाळी आले, वहिनी. गोटे तर पायाखाली होते. एक उचलून शेंदूर फासला असता तर कुणाला कळणार होतं?"

"कुणालाच नाही."

"तरी हाड शोधलं." रिक्षा हलली तसे म्हणाले, "नाहीतर तीच सापडली असेल."

जिथे पूर ओसरला की हाडं निघतात तिथे हाड शोधायला दिवस कशाला लागतो, असं माझ्या मनात आलं. माझं डोकं तसंच चालतं. पण ते मी तोंडाबाहेर काढलं नाही. त्यांचे दोन्ही हात त्या टॉवेलावर निवांत पडले होते आणि इतक्या वर्षांत मी ते तसे पाहिले नव्हते.

घरी भामा दारातच होती. "राक्षसच निघाला ना?"

"हाड निघालं," एकनाथराव म्हणाले. "कुणाचं ते युवराजला अन् शिल्पाला विचार. तू म्हातारी होईपर्यंत सांगत बसतील."

"म्हातारी झाले की मी."

"मग आणखी थोडी हो."

युवराजने प्रदर्शनाचं पुन्हा काढलं. एकनाथराव म्हणाले, "ने की. पण कापलेली बाजू पुढे ठेवायची आणि त्या मॅडम काय म्हणाल्या ते जसंच्या तसं सांगायचं." युवराज म्हणाला, तसा राक्षस बघायला कोण येणार, आणि तो विषय तिथेच राहिला.

मांडी देव्हाऱ्यात गेली. भामा शेंदराची वाटी घेऊन आली आणि कापलेल्या जागी बोट टेकवणार, तोच एकनाथरावांनी तिचं मनगट धरलं.

"हल्लू," ते म्हणाले. "तेवढी बाजू राहू दे. मला दिसली पाहिजे."