रेंजचा कातळ

“जेवलास काय रे? आवाज येतोय ना नीट?” बापूकाका कातळावर उभे राहून फोनवर मुलाला ओरडून विचारत होते. काकांचा आवाज असा की खाडीपलीकडच्या म्हशी दूध चोरतात. दुबईतल्या पोराला तो फोनशिवायही ऐकू गेला असता.

पूर्वी गावात रेंज फक्त ह्या कातळावर मिळायची. अख्खं गाव इथं रांग लावायचं. एकाला नात झाली की चाळीस जण पेढे मागायचे, आणि एकाकडे वाईट बातमी आली की बाकीचे आपले फोन न लावताच त्याला धरून खाली उतरायचे. मग नवा टॉवर आला. रेंज थेट माजघरात शिरली आणि कातळाच्या पायवाटेवर गवत माजलं. आता शेजारी कोण कशानं रडतं, तेही कळत नाही.

मी जवळ गेलो. काकांच्या हातात तोच जुना बटणांचा फोन होता.

“काका, जुनं नेटवर्क गणपतीतच बंद झालं. हा फोन आता कुठेच लागत नाही.”

“ठाऊक आहे,” ते हळूच म्हणाले. “पोरगा त्याच्या आधीपासूनच फोन करत नाही. पण खाली अंगणात तुझी काकी ऐकत बसलेली असते.”