सोजरची वेल आणि पॉइंट फाईव्हची पेन्सिल

"वेल तीच पाहिजे, तुमच्या दारावर हाय ती," आबासाहेब म्हणाले. "पण आदी ड्रॉइंग दावा. रविवारपातुर न्हाय मिळालं तर मशीनवाल्याला सांगतो. तो कम्प्युटरवर काढून कोरून देतो."

आबासाहेब येरमाळ्याचे बागायतदार. रस्त्याकडंला नवं घर बांधत होते. मी तेरचा सुतार. दाराच्या चौकटी कोरण्यात जन्म गेला. कोरायचो मी, पण कागदावर वेल काढायची आमची सोजर, माझी बायको. ती औंदा सुगीत गेली. आबासाहेबांना ते ठाऊक होतं, म्हणून तर त्यांनी आधी ड्रॉइंग मागितलं.

"देतो," म्हणालो.

घरी येऊन आमच्याच चौकटीवर कागद लावला आणि वरून कोळसा फिरवला. कोरकामाचा ठसा कागदावर उठतो. पण ठसा म्हणजे नुसती सावली. त्यावर स्वच्छ रेघ ओढावी लागते. अर्धीच चौकट काढायची. कागद पालटला की उरलेली अर्धी तयार.

सुताराची पेन्सिल चपटी असते. फळी कापायला बरी, पण रेघ वातीसारखी जाड. अशा रेघेवर पटाशी कुठल्या काठाला लावायची? आतल्या काठाला लावली तर पान सुकतं, बाहेरच्या काठाला लावली तर सुजतं. सोजर साधी शाळेची पेन्सिल घ्यायची, पण ओढताना ती बोटात फिरवत राहायची. टोक चहूकडून सारखं झिजायचं आणि रेघ शेवटपर्यंत बारीक. मी तसं करून बघितलं. माझ्या बोटांना जमलं नाही. मग ठरवलं, झिजणारं टोकच नको.

एसटीनं धाराशिव गाठलं. कॉलेजजवळ स्टेशनरीचं दुकान आहे, एक बाई चालवतात.

"ताई, लीडची पेन्सिल दावा. ड्रॉइंगची."

लीड म्हणजे आतली काळी काडी. मागचा खटका दाबला की पुढं सरकते. टोक करायची भानगड नाही.

"कुणासाठी, काका? नातवासाठी?"

"माझ्यासाठी. नातू मोबाईल बघतो."

त्यांनी पॉइंट थ्री दिली. हा आकडा काडीच्या जाडीचा. कागदावर टेकवली, मोडली. खटका दाबला, पुन्हा मोडली.

"काका, कागद हाय तो. सागवान न्हाय."

"हात सुताराचा हाय. तो आता बदलणार न्हाय. पेन्सिल बदला."

पॉइंट सेव्हन मोडली नाही, पण रेघ जाड. पॉइंट फाईव्ह टिकली आणि रेघही बारीक आली. लीडमध्येही प्रकार असतात. टू एच कडक, तिची रेघ फिकी, मला दिसंना. बी काळीभोर, पण मऊ, तळहाताखाली फासते. एचबी दोन्हीच्या मधली. ती घेतली. धरायच्या जागी कानशीसारखी खरखरीत पकड होती, घामानं सटकत नाही. टोकाला लांब बारीक नळी होती. ती पट्टीला चिकटून चालते, आणि रेघ कुठं निघालीय ते दिसतं.

खुशीत निघालो आणि सुतार करतो तेच केलं. पेन्सिल कानावर खोचली. स्टँडवर चप्पल नीट करायला वाकलो. पेन्सिल फरशीवर पडली, नेमकी टोकावर. नळी वाकली. लीड पुढं येईना.

तसाच परत गेलो. बाईंनी पेन्सिल बघितली, मग माझ्या कानाकडं बघितलं.

"खिशात ठेवायची की, काका."

"खिसा फाटलाय. शिवणारी गेली."

त्यांनी ती वाकलेली पेन्सिल बाजूला ठेवली. मग आतला डबा काढला. "ह्यांची नळी आत जाती. काम झालं की ढकलायची."

पण आत जाणारी नळी कधीकधी ढिली असते. टोक कागदावर टेकवून हलवलं. पहिली डुगडुगली. दुसरी घट्ट. ती घेतली.

घरी चौकटीपुढं बसलो. चुकलं की खोडलं, पुन्हा काढलं. हात आखडला तरी उठलो नाही.

रविवारी आबासाहेबांनी कागद ओसरीवर पसरला. वेलीवरून बोट फिरवत खाली आले.

"मिस्त्री, सगळी पानं वर बघत्यात. हे शेवटचं उलटं पडलंय. तेवढं सुधारा."

"ते तसंच राहील."

"लोकास्नी चूक वाटंल."

"येणाऱ्यानं उंबरा बघावा, ठेच लागू नये, म्हणून सोजर शेवटचं पान खाली काढायची. सरळ पाहिजे असंल तर मशीनवाल्याला सांगा. वेल अशीच."

आबासाहेबांनी ते पान पुन्हा एकदा बघितलं. चहा आला. कप खाली ठेवून ते म्हणाले, "सागवान कुठनं आणायचं, ते सांगा."

चौकट आता बसलीय. पान खालीच बघतंय.

पेन्सिल घ्यायची तर दुकानातच, आपल्या हाताच्या जोरानं रेघ ओढून बघा. रंग बघू नका. आणि ठेवताना नळी आत घ्या. मी अजून कानावरच ठेवतो.