मोरीची चार पानं

देवळाली कॅम्पात बदलीचे हुकूम आले की लष्करी घरं भराभर रिकामी होत आणि त्यांतली इंग्रजी पुस्तकं बाजारातल्या रद्दीवाल्याकडे येत. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी मी बसने जाऊन ती चाळायची. दोन हजार सालानंतर त्यांत एक प्रकार वाढला: आधी सिनेमा, मग त्यावरून कादंबरी. बर्फाखाली गाडलेली शहरं, समुद्राने गिळलेली शहरं, मुखपृष्ठावर सिनेमातलंच चित्र. अशा अकरा आणून मी आमच्या वाचनालयाला दिल्या.

वाचनालय नाशकात, भांडीबाजारात, नदीपासून पाच मिनिटांवर. रस्त्याच्या पातळीवर देवघेवीचं टेबल, खाली तळघरात पुस्तकं. ते चालवणाऱ्या काकांनी चाळीस वर्षं एकेक करून ती जमवली होती. नोकरी सांभाळून दर रविवारी मी तिथे नोंदी करायला जायची. माझ्या अकरा कादंबऱ्या काकांना मुळीच आवडल्या नाहीत. सिनेमाचं उष्टं, असं म्हणून त्यांनी त्या सगळ्यात खालच्या फळीवर टाकल्या.

मला मात्र त्यांत काहीतरी सापडलं होतं. ही पुस्तकं बहुधा सिनेमा पुरा होण्याआधीच्या पटकथेवरून लिहिली जात असावीत, कारण पडद्यावरून गाळलेलं त्यांत राहून जायचं. पुराचा एक सिनेमा मी हिंदीतून पाहिला होता. त्यात एकदम उंच लाट येते आणि लोक पळतात. कादंबरीत त्या लाटेआधी चार पानं एका गटार साफ करणाऱ्या माणसाची होती. सगळे नदीकडे बघत असताना त्याला पायाखालच्या झाकणातून आवाज येतो. पाणी उलटं चढत असतं. सिनेमात हा माणूसच नव्हता.

ती पानं वाचल्यावर मी आमचं तळघर नीट पाहिलं. कोपऱ्यात मोरी होती. मोरी बाजाराखालच्या नाल्याला जोडलेली, नाला नदीला. त्याच आठवड्यात मी यादी केली: तळघर रिकामं करायचा क्रम. आधी दुर्मीळ पुस्तकांचं कपाट, मग दिवाळी अंकांचे बांधीव संच, मग चरित्रं, असं करत शेवटी त्या अकरा. गटारवाल्याची ती चार पानं सांगितली तेव्हा काका हसले, पण यादी त्यांनीच कपाटाच्या दाराला आतून चिकटवली.

पुढे दोन पावसाळे काही झालं नाही. तिसऱ्या वर्षी एका रविवारी सकाळी धरणातून पाणी सोडल्याचं कळलं. नाशकात पुराचं माप ठरलेलं आहे. नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या उंच मूर्तीच्या गुडघ्याला पाणी लागलं तर बघायला जायचं, कमरेला लागलं तर दुकानातला खालचा माल वर घ्यायचा, छातीला लागलं तर कुलूप लावायचं. अख्खा बाजार पुलावर जाऊन मारुती बघत होता. मी पोचले तेव्हा काका देवघेवीच्या वहीत मान घालून बसले होते. पाणी मांडीपर्यंत असल्याचं कुणीतरी सांगून गेलं होतं, म्हणजे हातात निदान दोन तास आहेत असा त्यांचा हिशेब होता.

मी खाली गेले. मोरीवरची लोखंडी जाळी थरथरत होती आणि तिच्यातून घशात घोट अडकल्यासारखा आवाज येत होता.

पुस्तकं न्यायची तर वरच्या मजल्यावर, आणि वरचा मजला म्हणजे शेजारच्या भांडीवाल्या शेठचं गोदाम. किल्ली त्यांच्या कमरेला. ते ओट्यावर उभे राहून पुलाकडून येणाऱ्यांना मारुतीची खबर विचारत होते. मी किल्ली मागितली.

"कमरेला तरी लागू दे की, ताई," ते म्हणाले. "तुमची लायब्ररी आत्ताच पोहायला निघाली का?"

"शेठ, मारुतीकडे बघू नका. खाली येऊन मोरी बघा."

ते कुरकुरत आले. तोवर जाळीवर बोटभर काळं पाणी उभं होतं. त्यांनी किल्ली काढून माझ्या हातात दिली आणि वर जाऊन आपल्या दोन माणसांना हाक मारली.

पुस्तकं न्यायला टोपल्या नव्हत्या. शेठच्या दुकानातली लग्नाची पातेली आली. मी यादी हातात धरून कपाटं सांगायची, माणसं पातेली भरून जिना चढायची. चरित्रं संपेपर्यंत पाणी घोट्याला लागलं. शेठने मेन स्विच बंद केला, मग बॅटरीच्या उजेडात चाललं. बाहेर कुणीतरी येऊन सांगितलं, मारुतीच्या कमरेला आत्ता लागलं. आमच्या गुडघ्याला आधीच लागलं होतं. खालची फळी पुरी बुडाली तेव्हा मी यादी घडी करून सगळ्यांना वर पाठवलं.

काका वर नव्हते.

नोंदवही. सकाळी मोजदाद करायला त्यांनी ती खाली नेली होती आणि मागच्या खणात ठेवली होती. कोणतं पुस्तक कुठून आणि कधी आलं, हे त्या एका वहीतच होतं. माझ्या यादीत कपाटं होती, वही नव्हती. मी जिन्यावरून बॅटरीचा झोत टाकला. काका मांडीभर पाण्यात, सुटलेल्या फळ्या ढकलत मागे चालले होते. मी हाक मारली, ते थांबले नाहीत. शेठ धोतर खोचून उतरले आणि परत येताना त्यांनी काकांना सदऱ्याच्या मानेला धरून आणलं. वही काकांच्या डोक्यावर होती.

"हे नव्हतं लिहिलंस," काका मला एवढंच म्हणाले.

तिसऱ्या दिवशी आम्ही गोदामात पातेल्यांच्या मधे बसलो. काका ओलसर वहीतून पुस्तकांचे आकडे वाचायचे, मी ढिगात शोधून आहे की नाही ते सांगायची. बहुतेक सगळं होतं. गेली ती फक्त खालची फळी. त्या अकरांपाशी आल्यावर काका थांबले.

"त्या गटारवाल्याचं पुढे काय होतं?"

"काहीच नाही. चार पानांनंतर तो येतच नाही. लेखक विसरला असावा."

काकांनी अकराही आकड्यांपुढे 'पुन्हा घेणे' असं लिहिलं आणि पुढचा आकडा वाचला.