दोन बिड्यांवरचं स्टेशन
"पळा बाबूजी, गाडी सुटून राह्यली!" घरमालक बुढा मागून ओरडत होता आणि मी धानाच्या बांधावरून असा सुटलो होतो, की बगळेसुद्धा बाजूला सरून वाट देत होते. बालाघाटात तेव्हा खोल्यांची भाडी अशी चढलेली, जणू राजधानी भोपाळ सोडून आमच्याच गल्लीत राहायला आली होती. खोली मिळेपर्यंत माहेराहून हलणार नाही, असं बायकोनं कळवलेलं. म्हणून मी या खेड्यात स्वस्तातली खोली बघायला आलो. इथून रोज छोट्या लाइनच्या गाडीनं कचेरी गाठायची. "स्टेशन दोन बिड्यांवर हाय," बुढा म्हणाला होता, म्हणजे दोन बिड्या ओढून होतात तेवढ्या अंतरावर. पण खोली बघून परतीच्या गाडीसाठी दोघं निघालो तर त्याची बिडी दर बांधावर विझे, तो थांबून पेटवी, आणि अर्धा जिल्हा तुडवला तरी स्टेशन येईना. शेवटी गाडी माझ्या नाकासमोरून गेली. त्याच खोलीत पुढे आम्ही नऊ वर्षं काढली, आणि बिडीचा वास आला की आजही माझे पाय पळायला लागतात. त्या दिवशी मात्र मागून येऊन पोचलेल्या बुढ्याला मी फलाटावर धापा टाकत विचारलं, "बाबाजी, दोन बिड्या म्हणाले होते ना?" त्यानं कानावरची कोरी बिडी काढून दाखवली. "हौ. दुसरी तं अजून पेटवलीच नाही."